माफी कुणी मागायची?

साताऱ्यातल्या एका सदस्याचं पत्र आलंय. वय 38, नोकरी सांभाळून गेली काही वर्षं ते एका छोट्या केव्हिंग क्लबबरोबर फिरतात. पंधरा-वीस जणांचा गट आहे. महिन्यातला एखादा रविवार धरायचा, डोंगरातली एखादी घळ किंवा जांभ्यातली गुहा गाठायची, आत उतरायचं, जमेल तेवढं मोजमाप करून नकाशा काढायचा आणि रात्रीपर्यंत घरी. ज्यांनी क्लब उभा केला त्यांना सगळे 'नाना' म्हणतात. (हे नाव मी बदललंय आणि गुहेचं नाव मुद्दाम गाळलंय.)

मेच्या सुरुवातीला सात जण महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूच्या एका गुहेत गेले. त्यात एक नवीन मुलगी होती. तिला क्लबात आणलं ते पत्रलेखकांनीच, ती त्यांच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची धाकटी बहीण. आत एका ठिकाणी पोटावर सरपटत पुढं जावं लागतं. तिथं ती थांबली. "मला नाही जमणार, मी मागं फिरते," म्हणाली. नाना म्हणाले, "एकटी कुठं जाऊ नको. इथंच बस, अर्ध्या तासात आलोच आम्ही." बाकीचे पुढं गेले. परत यायला सव्वा तास लागला. ती त्याच जागी बसलेली होती, रडत होती आणि तिच्या टॉर्चचा उजेड मंदावला होता. "तसं काही झालं नाही," असं पत्रलेखक लिहितात.

परतीच्या वाटेवर थट्टा झाली. रात्री एकानं तिच्या रडवेल्या चेहऱ्याचा स्टिकर करून क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला: मला एकटीला अंधारात सोडून जाणं कुठल्या नियमात बसतं? नाना एक शब्द न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले. आता जुन्या मंडळींचं म्हणणं, पोरीनं माफी मागावी. चारचौघांत मोठ्या माणसाचा पाणउतारा करायची ही काय रीत झाली? तिला समजावायचं काम अर्थातच पत्रलेखकांच्या गळ्यात पडलंय. ते विचारतात: "तिचं मन न दुखवता तिला माफीसाठी कसं तयार करू? नानांचा मान राहिला पाहिजे आणि मुलगीही क्लबात राहिली पाहिजे."

पत्रात ओघात आलेल्या आणखी दोन गोष्टी इथं नोंदवून ठेवते. गावात कळलं की मागं गर्दी येते, म्हणून यांनी गाड्या लांब, दिसणार नाहीत अशा लावल्या होत्या. आणि आत शिरताना वटवाघळांचा थवा उठला, त्याचे "फोटो भारी आले".

---

नमस्कार.

नानांबद्दलचा आदर आणि 'तिला मीच आणली' ही टोचणी, दोन्ही तुमच्या पत्रात ओळीओळीला दिसतात. म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. तिला माफी मागायला लावू नका. गोड बोलूनही नको, 'नानांसाठी म्हणून' असं म्हणूनही नको. तुम्ही प्रश्न विचारलात तिला कसं समजवायचं याचा. मला वाटतं, समजावण्याची गरज तिला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी आहे. ते कुणाला आणि कसं, याकडे येते. पण आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याजवळ थोडं थांबू.

'तसं काही झालं नाही.'

तुम्ही सहा जण त्या चिरेतून सरपटत पलीकडे गेलात. तुमच्यासाठी तो सव्वा तास पटकन सरला असणार, कारण तुम्ही हालचाल करत होता, बोलत होता, पुढं काय आहे याची उत्सुकता होती. आता अलीकडच्या बाजूला बसून बघा. शेवटच्या माणसाचे बूट चिरेत दिसेनासे होतात. थोडा वेळ उजेड भिंतीवर हलत राहतो, मग तोही वळणाआड जातो. आवाज आधी शब्दांसारखे ऐकू येतात, मग नुसती गुणगुण, मग तेही नाही. गुहेतला अंधार घरातल्या लाइट गेल्यावरच्या अंधारासारखा नसतो. तिथं डोळे सरावत नाहीत, कारण सरावायला उजेडाचा कणच नसतो. घड्याळात बघायचं तर टॉर्च लावावी लागते आणि टॉर्च तर जपून वापरायची आहे. सरपटून कपडे घामानं आणि ओलीनं भिजलेले असतात, बसून राहिलं की अंग गार पडायला लागतं. बाहेर मे महिना असला तरी आत खोलवर हवा त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकीच राहते, म्हणजे महाबळेश्वरच्या बाजूला चांगलीच थंड. आणि अर्धा तास उलटून गेला की डोक्यात एकच विचार सुरू होतो: यांचं काही बरंवाईट तर झालं नसेल?

हा विचार धोक्याचा आहे, कारण यानंतर माणूस उठतो. कुणी हाका मारत चिरेत शिरतं, कुणी आलेल्या वाटेनं एकटंच बाहेर निघतं. जाताना दिसलेली वाट येताना वेगळी दिसते. चुकीच्या फाट्याला लागणं, पाय मुरगळणं, टॉर्च हातातून पडणं, हे सगळं अशा वेळी होतं. ती मुलगी सव्वा तास जागेवरून हलली नाही. तिला तुम्ही घाबरट म्हणालात. मी म्हणेन, त्या दिवशी त्या गुहेत सगळ्यात शिस्तीनं वागलेली व्यक्ती तीच होती. तिला जे सांगितलं गेलं ते तिनं टॉर्च मंदावत असतानाही पाळलं. अर्ध्या तासाचा शब्द तुमच्या बाजूनं मोडला.

नानांचीही बाजू आहे आणि ती मी मनापासून मांडते. 'एकटी कुठं जाऊ नको' हे त्यांचं सांगणं बरोबरच होतं. नवख्या माणसानं गुहेत एकट्यानं मागं फिरण्यापेक्षा एका जागी बसणं केव्हाही कमी धोक्याचं. त्यांच्यासमोर दोन वाईट पर्याय होते आणि त्यातला कमी वाईट त्यांनी निवडला. फक्त तिसरा पर्याय तिथंच उभा होता आणि तो कुणालाच दिसला नाही. तुम्ही सात होता. गुहेत जाणाऱ्यांचा जगभरचा साधा हिशेब असा की गटात निदान चौघं हवेत: एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मिळून मदत आणायला बाहेर जातात. सातातून तिच्यासोबत दोघं मागं फिरले असते तर बाहेर जाणारे तीन आणि पुढं जाणारे चार. दोन्ही तुकड्या नीट झाल्या असत्या आणि कुणाची मोहीमही बुडाली नसती. त्या दोघांतले एक तुम्ही असायला हवे होतात, असं मला वाटतं. तिला आणलंत तुम्ही. हे टोचावं म्हणून लिहीत नाही. पुढं नानांशी बोलायचंय ना, तेव्हा 'तुम्ही चुकलात' या वाक्यापेक्षा 'मी थांबायला हवं होतं' हे वाक्य तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, आणि ते खरंही आहे.

आता मेसेजबद्दल. जुनी मंडळी म्हणतात, तिनं घरातलं बाहेर नेलं. पण बाहेर कुठं नेलं? तिनं लिहिलं ते क्लबच्याच ग्रुपवर, क्लबच्याच माणसांसमोर. फेसबुकवर लिहिलं नाही, गावात जाऊन सांगितलं नाही. आणि 'चारचौघांत' ही तक्रार असेल तर चारचौघांत आधी काय आलं, तेही बघा. तिचा रडणारा चेहरा आधी आला, स्टिकर होऊन. तो टाकणाऱ्याला माफी मागायला कुणी सांगितलं नाही. नानांच्या मानाचा प्रश्न उठण्याआधी आदल्या रात्रीच एका माणसाचा मान त्याच ग्रुपवर गेलेला होता, पण ती वयानं आणि अनुभवानं लहान, म्हणून तो मोजला गेला नाही. तिनं आधी नानांना फोन करायला हवा होता का? केला असता तर बरं झालं असतं. पण सगळे हसत असताना नवीन मुलीनं क्लबच्या संस्थापकाला थेट फोन करून जाब विचारावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आणि मान हा शब्द तुमच्या पत्रात इतक्यांदा येतो की त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आपण लहानपणापासून शिकतो. डोंगरात आणि गुहेत म्होरक्याचं ऐकावं लागतं, हेही खरं. नाना म्हणाले 'आता मागं फिरायचं' की तिथं वादाला जागा नाही, मग कुणाला कितीही पुढं जायचं असो. पण हा अधिकार एकाच दिशेनं चालतो. थांबवायला एकाचा शब्द पुरतो, मग तो नानांचा असो की पहिल्यांदा आलेल्या पोराचा. पुढं जायला मात्र सगळ्यांचा होकार लागतो. त्या चिरेपाशी ती 'जमणार नाही' म्हणाली, त्या क्षणी मोहिमेचा निर्णय तिच्या हातात गेला होता. कारण विचारायचं नाही, 'अगं काही होत नाही' म्हणून रेटायचं नाही. ज्याला आत आपल्या शरीराचा आणि श्वासाचा अंदाज आलाय त्याच्याइतकी पक्की माहिती बाहेरच्या कुणाकडे नसते. अशी माणसं 'नाही' म्हणायला कचरू लागली की क्लब खरा धोक्यात येतो. आज तिच्याकडून माफी घेतलीत, तर पुढच्या खेपेला चिरेत छाती अडकल्यावरही एखादा मुलगा तोंड मिटून पुढं सरकेल, कारण मागच्या वेळी 'नाही' म्हणणाऱ्याचं काय झालं ते त्यानं पाहिलेलं असेल.

तर मग करायचं काय?

गप्प बसून प्रकरण निवळू देणं, हा एक मार्ग आहे. बरेच क्लब तेच करतात. मुलगी हळूहळू यायची बंद होते, नाना महिन्याभरानं ग्रुपवर परत येतात, कुणी विषय काढत नाही. तुम्हाला दोघंही हवेत, म्हणून हा मार्ग तुमच्या कामाचा नाही. सगळ्यांची बैठक घेऊन सोक्षमोक्ष लावणं हा दुसरा. तोही आत्ता नको. बैठकीत नानांना आपली बाजू राखावीच लागेल, जुने त्यांच्या मागं उभे राहतील आणि ती मुलगी पुन्हा एकटी पडेल, या वेळी उजेडात.

मी म्हणेन, नानांच्या घरी जा. एकटे जा आणि फोनवर बोलू नका. ज्या माणसानं क्लब उभा केला, नवख्यांना हात धरून आत नेलं, तो दुखावला असेल तर ते दुखणं खरं आहे, त्याला 'इगो' म्हणून बाजूला सारू नका. बहुतेक त्यांना स्वतःलाही ते सव्वा तास आठवत असणार. जाणती माणसं अशा वेळी रागानं गप्प बसत नाहीत, अवघडून गप्प बसतात. चहा होऊ द्या. मग असं काही म्हणता येईल: 'नाना, त्या दिवशी मी तिच्याजवळ थांबायला हवं होतं. मला सुचलंच नाही. आपल्याकडे तसा नियम असता तर सुचलं असतं. तुम्ही तो नियम घालून द्या.' यात खोटं काहीच नाही. त्यांच्याकडून चूक झाली हे न बोलता पोचतं, आणि ती दुरुस्त करायचा मान त्यांच्याकडेच राहतो. त्यांनी पुढच्या मोहिमेआधी सगळ्यांसमोर एवढंच सांगितलं, की इथून पुढं कुणी थांबलं तर एकटं राहणार नाही, तर त्या मुलीला वेगळ्या माफीची गरजही कदाचित उरणार नाही. ते स्वतःहून तिला दोन शब्द बोलले तर फारच चांगलं. पण ती मागणी तुम्ही करू नका.

नाना ऐकूनच घेणार नसतील तर? तर निदान तुम्ही तुमच्यापुरतं ठरवा की थांबणाऱ्याजवळ तुम्ही थांबाल, आणि ते ग्रुपवर लिहून टाका. कुणाचं नाव न घेता, एका ओळीत. क्लबातल्या आणखी दोघांनी त्याखाली 'मीही' लिहिलं की पद्धत पडली. स्टिकरवाल्या मुलाला मात्र वाट न बघता सांगा: तो काढून टाक आणि तिला फोन कर. गुहेत घाबरलेल्या, अडकलेल्या, चिखलानं माखून रडकुंडीला आलेल्या माणसाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही पाठवायचा नाही. यात गमतीची सबब चालवून घेऊ नका.

आता त्या दोन गोष्टींकडे येते, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात. माझ्या मते त्या मेसेजपेक्षा गंभीर आहेत.

गाड्या लांब लावल्या आणि गावात कुणाला सांगितलं नाही. म्हणजे मेमधल्या त्या दिवशी सात माणसं जमिनीखाली होती आणि जमिनीवरच्या एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं. मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो. आपल्याकडच्या जांभ्यातल्या गुहा बनतातच मुळी पाण्यामुळे: वरचा थर कडक, खालचा मातीचा मऊ, पावसाचं पाणी ती माती वाहून नेतं आणि पोकळी उरते. ज्या वाटेनं पाणी इतकी वर्षं गेलं त्याच वाटेनं ते पुन्हा येतं. आत मोबाइलला रेंज नाही. छतातला एखादा गोटा सुटून कुणाचा पाय सापडला असता, तर तुमचा शोध कधी आणि कुठून सुरू झाला असता?

थायलंडमधली थाम लुआंग गुहा तुम्हाला आठवत असेल. 23 जून 2018 ला फुटबॉल खेळणारी 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले आणि पावसाच्या पाण्यानं वाट बंद झाली. 2 जुलैला पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले आणि 10 जुलैला शेवटचे बाहेर आले. थायलंडच्या नौदलातला एक माजी जवान त्या कामात मरण पावला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी ज्यांनी वसवली, त्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही तिथं पाणी उपसण्याच्या कामात मदतीला गेले होते. जगभरातून मदत आली, पण ती येऊ शकली कारण शोध पहिल्याच रात्री योग्य जागी सुरू झाला. त्यांच्यासोबत न गेलेल्या एका मुलानं ते गुहेकडे गेल्याचं सांगितलं आणि गुहेच्या तोंडाशी त्यांच्या सायकली दिसल्या. तुम्ही तुमच्या 'सायकली' लपवून आत गेलात.

गर्दीची तुमची भीती मला कळते. एखादी जागा रीलमध्ये आली की पुढच्या रविवारी तिथं स्पीकर, चिवड्याची पाकिटं आणि भिंतीवर नावं दिसतात. तेव्हा ठिकाण समाजमाध्यमांवर न टाकणं, फोटोवरचं लोकेशन काढून टाकणं, हे योग्यच आहे आणि चांगले केव्हिंग क्लब ते पाळतात. पण जगापासून जागा झाकणं वेगळं आणि गावापासून स्वतःला लपवणं वेगळं. गावातल्या एका जाणत्या माणसाला, जागा देवाची असेल तर पुजाऱ्याला किंवा गुरवाला, सांगितल्याशिवाय आत जाऊ नये. ती जागा त्यांच्या शिवारातली आहे, कित्येकदा त्यांच्या देवाची आहे. आत चपला-बूट चालतात का, कुठल्या दालनापुढं जायचं नाही, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ लागलंय, हे त्यांनाच माहीत असतं. जंगलखात्याची हद्द असेल तर खात्याची परवानगी लागते, कोरीव लेणं असेल तर पुरातत्त्व खात्याचे नियम येतात. ते सोडून माणुसकी म्हणूनही, कुणाच्या घरामागच्या परसात आपण न विचारता शिरत नाही.

आणि घरच्या एका माणसाकडे, जो मोहिमेत नाही, एक चिठ्ठी ठेवत जा: गुहा कोणती, कोण कोण, गाडी कुठं लावली, बाहेर येऊन फोन कधी करणार, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून 112 ला आणि जवळच्या ट्रेकर मंडळींना कळवायचं. आपल्या जिल्ह्यात दरीत उतरून लोकांना वर काढणारी पोरं आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्यांनी रात्री कुठं यायचं, एवढं तरी त्यांना कळायला हवं. बाहेर आलात की पहिला फोन त्या चिठ्ठीवाल्याला. हे विसरलात तर विनाकारण वीस माणसांची रात्र जाते.

दुसरी गोष्ट वटवाघळांची. थवा उठला म्हणजे तो तुमच्या आवाजानं किंवा उजेडानं उठला. उन्हाळ्यात आपल्याकडच्या बऱ्याच वटवाघळांच्या माद्यांच्या अंगाला पिल्लं चिकटलेली असतात. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. थवा घाबरून उठला की पिल्लं खाली पडतात, आणि पडलेलं पिल्लू बहुतेकदा तिथंच संपतं. शिवाय हा तुमच्याही तब्येतीचा प्रश्न आहे. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्याच एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये जाहीर केलं होतं. यावरून वटवाघळांना शत्रू मानायचं कारण नाही, ती आपली किडे खातात, फुलांवर जातात, बिया पसरवतात. पण जिथं त्यांची वस्ती आहे तिथं उन्हाळ्यात जायचंच नाही, एरवी गेलात तर वस्तीच्या दालनात न थांबता, फ्लॅश न मारता, हळू आवाजात पुढं सरकायचं, हे पक्कं करा. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात गेली तर बुरशीजन्य आजार होऊ शकतो, त्यामुळे मास्क हवा, आणि आत खाणंपिणं टाळलेलं बरं.

इतर क्लबांतूनही अधूनमधून पत्रं येतात, म्हणून गुहेच्या तोंडाशी बोलून घ्यायच्या काही गोष्टी इथंच लिहून ठेवते. प्रत्येकाकडे उजेडाची तीन साधनं हवीत. एक डोक्यावर, दोन पिशवीत, आणि नवख्यांचे सेल निघण्याआधी म्होरक्यानं स्वतः तपासायचे. त्या मुलीकडे दुसरी टॉर्च नव्हती, हा दोष तिचा नाही. नवीन माणूस रांगेत शेवटी ठेवायचा नाही, म्होरक्याच्या लगेच मागं ठेवायचा, आणि शेवटाला पक्का अनुभवी माणूस हवा. चाल ठरते ती सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पायांवर. तो येऊन पोचला की पुढचे लगेच उठून निघाले, असं करायचं नाही, त्यालाही दम खाऊ द्यायचा. पायाखालचा दगड सुटला तर तो किती का लहान असेना, 'दगड!' म्हणून ओरडायचं. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत हेडटॉर्च मारायची नाही.

आणि अवघड जागी कुणालाही, विशेषतः मुलींना, मदत करण्याआधी 'हात देऊ का?' असं विचारायचं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. घसरून पडतंय कुणी, तेव्हा विचारत बसू नये हे कुणालाही कळतं, पण तशी वेळ क्वचितच येते. आत जाण्याआधी सगळ्यांना, बायकांना सोयीच्या आडोशासह, मोकळं होऊन यायला वेळ द्या. गुहेत लघवी करायची नाही म्हटलं की ही सोय लावणं गटाचं काम होतं, आणि ती नसल्यामुळे कितीतरी मुली पाणीच न पिता आत येतात आणि मग त्यांना चक्कर येते. याबद्दल उघड बोलायला जुन्या मंडळींना संकोच वाटतो. तुम्ही बोला.

राहता राहिली ती मुलगी. तिला फोन करा, पण नानांना भेटायच्या आधी करा, म्हणजे तुमचा फोन तडजोडीचा निरोप वाटणार नाही. 'मी थांबायला हवं होतं' हे तिलाही सांगा. मेसेजचा विषय तुम्ही काढू नका. तिनं काढला तर ऐकून घ्या आणि 'तू योग्यच विचारलंस' म्हणता येत असेल तर म्हणा. लगेच 'पुढच्या रविवारी येतेस ना?' असं विचारू नका. तिला यायचं असेल तर पहिल्यांदा एखाद्या सोप्या, सरळ उभं राहून चालता येईल अशा जागी न्या, आणि शेवटाला तुम्ही चाला. यायचं नसेल तर तिची वर्षाची वर्गणी क्लबाकडून परत मिळवून द्या, आणि हे तुम्ही करताय ते तिच्या भावालाही ऑफिसात स्वतः सांगा, म्हणजे त्याला दुसऱ्या कुणाकडून अर्धवट ऐकावं लागणार नाही.